कामावर अपघात झाला तर पैसे किती, कोणाकडून आणि कसे?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना दोनदा अडखळलो होतो, ते इथे काढून टाकलंय.

आधीच सांगतो, मी वकील नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो. या विषयात पडलो ते माझ्या मावसभावामुळे. तो भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होता. मालक धरून सात माणसं. २०२३ च्या पावसाळ्यात प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची तर्जनी गेली. मुळापासून. वय २४ पूर्ण, पगार १४ हजार, त्यातला अर्धा फोनपेवर आणि अर्धा हातात.

मालक तसा वाईट माणूस नव्हता. स्वतः गाडीत घालून दवाखान्यात नेलं. पण केसपेपरवर लिहायला सांगितलं, "दारात बोट सापडलं." चौथ्या दिवशी शंभरच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर तयार: २० हजार मिळाले, माझी काही तक्रार नाही. भाऊ सही करणारच होता. मावशीने मला फोन केला, "तू शिकलेला आहेस ना, जरा वाचून बघ."

मी वाचलं. मग कायदाही वाचला. कायदा १९२३ चा आहे, कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. आणि गंमत म्हणजे तो एखाद्या फंक्शनसारखा लिहिलेला आहे: इनपुट द्या, आकडा बाहेर येतो.

इनपुट तीन. महिन्याचा पगार, वय आणि अपंगत्वाचे टक्के. पगार कितीही असला तरी हिशोबात जास्तीत जास्त १५ हजार धरतात (२०२० पासून, त्याआधी ८ हजार होते). वयाप्रमाणे एक गुणक असतो. २४ वर्षांना तो २१८.४७ आहे, ३० ला २०७.९८. वय वाढलं की गुणक कमी, कारण पुढची कमावती वर्षं कमी. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के गुणिले गुणक. मृत्यू झाला तर ५० टक्के गुणिले गुणक. आणि एखादा अवयव गेला तर पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचा ठरलेला हिस्सा. त्याची यादी कायद्यातच आहे: अंगठा ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४ टक्के, एक डोळा ४० टक्के. वाचताना अंगावर काटा येतो, माणसाचं रेटकार्डच.

आता भावाचा हिशोब. १४ हजाराचे ६० टक्के ८,४००. गुणिले २१८.४७ म्हणजे १८,३५,१४८. त्याचे १४ टक्के सुमारे २ लाख ५६ हजार ९२०. समोर ठेवले होते २० हजार. मी शीटमध्ये तीनदा तपासलं, मला वाटलं कुठेतरी एक शून्य जास्त पडलंय.

शिवाय उपचाराचा खरा खर्च वेगळा, तो या रकमेतून कापता येत नाही.

"पण चूक त्याचीच होती, लक्ष नव्हतं." हे मालकाचं दुसरं वाक्य. या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि कामगाराचं लक्ष नव्हतं म्हणून हक्कही जात नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला, एवढं पुरे. अपवाद मोजके: दारू पिऊन होता, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, गार्ड मुद्दाम काढला. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे अपवादही चालत नाहीत. भावाच्या प्रेसचा गार्ड प्रॉडक्शन वाढावं म्हणून मालकानेच काढून ठेवला होता. त्याचा फोटो भावाच्या मोबाईलमध्ये होता, तोही सेल्फीच्या मागे!

आणि तो स्टॅम्प पेपर? हक्क सोडून देणारा करार या कायद्यात रद्दबातलच असतो. तडजोड करता येते, पण ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते. म्हणून घाबरून सही केली असेल तरी सगळं संपलं असं समजू नका.

आयुक्त म्हणजे कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्त. दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असं नाही, तुम्ही जिथे राहता तिथेही करता येतो. लातूर-बीडहून चाकणला आलेल्या पोरांनी हे ऐकून ठेवा, तारखेसाठी दरवेळी पुण्याला यायची गरज नाही. मुदत दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. मालकाने महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. मृत्यूच्या केसमध्ये भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, घरच्यांच्या हातात परस्पर पाकीट देऊन मालक सुटत नाही.

कंपनीत ठेकेदाराकडून लागला असाल तर? कंपनीच्या आवारात कंपनीचंच काम करताना लागलं तर कंपनीकडूनही मागता येतं. कंपनी नंतर ठेकेदाराकडून वसूल करेल, तो त्यांचा प्रश्न.

एक मोठा फाटा मात्र इथे आहे. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि तुम्ही ईएसआयमध्ये असाल तर हा रस्ता बंद, भरपाई ईएसआयकडून: बरे होईपर्यंत पगाराच्या साधारण ९० टक्के, कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा रक्कम. म्हणून आधी पगाराच्या स्लिपवर ०.७५ टक्के कपात दिसते का बघा. भावाकडे सातच माणसं, ईएसआय नव्हतं, म्हणून १९२३ चा कायदा.

नवीन काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला. ५० आणि ६० टक्क्यांचं सूत्र तेच आहे. घर ते काम या वाटेवरचा अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, आता धरला जातो. त्याआधी जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या केसमध्ये मान्य केलं होतं. पहाटे तीनच्या ड्युटीला निघालेला माणूस वाटेतच गेला. अपघात २००३ चा. ३,२६,१४० रुपये आणि व्याज, बावीस वर्षांनी घरच्यांच्या बाजूने कायम झालं.

भावाचं इतकं लांबलं नाही. आधी केसपेपर दुरुस्त करायला डॉक्टरांना लेखी अर्ज दिला. फोनपेच्या नोंदी, शिफ्टचे व्हॉट्सॲप मेसेज आणि तो सेल्फी जोडून दावा टाकला. तिसऱ्या तारखेला मालकाने २ लाख ४० हजारांवर तडजोड केली, आयुक्तांसमोर, नोंदवून. मी म्हणत होतो पूर्ण रकमेसाठी थांब. तो म्हणाला, "दादा, तू थांबशील. मला हप्ता भरायचाय."

आता तो डाव्या हाताने टाइप करायला शिकतोय. पुढच्या एपिसोडमध्ये ईएसआयचं कार्ड, दवाखाना आणि अपघात अहवाल कसा भरायचा ते बघू. प्रश्न व्हॉइस नोट करून पाठवा, मिनिटभराचीच हं!