नव्या काचपेटींतील पहिले चाळीस दिवस

मासे पाळण्याची हौस बहुतेक मुलांस असते, आणि ती पुरविण्याची इच्छा बहुतेक पालकांस असते. परीक्षेचा निकाल लागला कीं बाजारांतून काचेची टाकी येते, तींत रंगीत खडे पडतात, नळाचें पाणी भरलें जातें, आणि त्याच सायंकाळीं प्लॅस्टिकच्या पिशवींतून आणलेले मासे तींत सोडले जातात. दोन दिवस सारें घर त्या टाकीभोंवतीं बसतें. चौथ्या-पांचव्या दिवशीं एखादा मासा पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतो, आणि आठवडा संपण्यापूर्वीं दोन-तीन मासे उलटे तरंगूं लागतात. मूल रडतें, वडील दुकानदारास दोष देतात, दुकानदार पाण्यास दोष देतो. पाणी मात्र डोळ्यांस अगदीं निर्मळ दिसत असतें. मग हे मासे मेले कशानें?

मासा जें अन्न खातो, त्यांतील नत्राचा कांहीं भाग त्याला शरीराबाहेर टाकावा लागतो. मनुष्याच्या शरीरांत ह्या नत्राचा यूरिया होतो. गोड्या पाण्यांतील मासा तो मुख्यत्वेंकरून अमोनियाच्या रूपानें कल्ल्यांवाटे पाण्यांत सोडतो. न खाल्लेलें अन्न, विष्ठा व कुजलेलीं पानें ह्यांपासूनही अमोनियाच उत्पन्न होतो. तळ्यांतील जलसंचय एवढा मोठा असतो कीं, हा अमोनिया त्यांत विरून जातो. पन्नास लिटरच्या टाकींत तो सांचत राहतो, माशाचे कल्ले जाळतो आणि अखेर त्याचा जीव घेतो. पाणी जितकें अल्कधर्मी, तितकें हें विष अधिक जहाल. पंचवीस अंश सेंटिग्रेड उष्णमान असतां, ज्या पाण्याचा पीएच ७ आहे त्यांत एकंदर अमोनियापैकीं शेंकडा अर्ध्याच्या आसपास भाग विषारी रूपांत असतो. पीएच ८ झाला कीं तोच भाग शेंकडा पांचांवर जातो.

ह्या विषाचा निरास करणारे सेवक सृष्टीनेंच नेमून ठेविले आहेत. ते डोळ्यांस दिसत नाहींत, इतकेंच. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लोझिंग व म्यून्ट्झ ह्या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या नळींतून गटाराचें पाणी हळूहळू झिरपूं दिलें. सुमारें वीस दिवसपर्यंत पाण्यांतील अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. नंतर तो नाहींसा होऊं लागला, आणि त्याच्या जागीं नायट्रेट मिळूं लागलें. मग त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. त्याबरोबर हें रूपांतर थांबलें. वाळूस किंवा चुनखडीस क्लोरोफॉर्मनें गुंगी येत नाहीं. तेव्हां हें कार्य जिवंत प्राण्यांचें आहे, हें उघड झालें. पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें हे सूक्ष्म जंतु वेगळे काढून दाखविले.

हें कार्य सामान्यतः दोन पायऱ्यांनीं होतें. नायट्रोसोमोनास जातीचे व तत्सम सूक्ष्म जीव अमोनियाचें नायट्राइट करितात. नायट्रोस्पायरा जातीचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करितात. दोन्हीं पायऱ्या एकटेंच चढून जाणारे नायट्रोस्पायरा जातीचे कांहीं जंतुही आहेत, असा शोध २०१५ सालीं लागला. मधली पायरी निर्धोक नाहीं. नायट्राइट माशाच्या रक्तांतील तांबड्या द्रव्यावर क्रिया करून त्याची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति हिरावून घेतें. रक्त तपकिरी होतें, आणि पाण्यांत प्राणवायु भरपूर असूनही मासा गुदमरतो. शेवटीं उरणारें नायट्रेट त्या मानानें सौम्य असतें. कांहीं वनस्पति शोषून घेतात, आणि राहिलेलें आपण पाणी बदलून काढून टाकितों.

आतां मर्म ध्यानांत येईल. नव्या टाकींत काच आहे, पाणी आहे, वाळू आहे. परंतु हे सेवक अद्याप जमलेले नाहींत. ते पाण्यांत फारसे तरंगत नाहींत. फिल्टरच्या स्पंजावर व खड्यांवर चिकटून वस्ती करितात. त्यांची वाढही फार मंद असते. म्हणून साधारणतः चार ते सहा आठवडे टाकी माशांवांचून चालूं ठेवावी लागते.

त्याची रीत अशी. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशी टाकी घ्यावी. हींत कांठोकांठ चोपन्न लिटर पाणी मावतें, आणि त्या पाण्याचेंच वजन चोपन्न किलो होतें. म्हणून मेज भक्कम व सपाट असावें, आणि तें खिडकींतून येणाऱ्या उन्हांत नसावें. टाकी व खडे नुसत्या पाण्यानें धुवावे. साबण मुळींच लावूं नये. शहरांतील नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन असतो. तो आपल्या सेवकांचाही नाश करितो व माशांचे कल्लेही जाळतो. पाणी पसरट भांड्यांत एक दिवस उघडें ठेविल्यास, किंवा त्यांत हवा खेळविल्यास, तो बहुतेक निघून जातो. जेथें क्लोरीनऐवजीं क्लोरामाइन वापरतात, तेथें हा उपाय पुरत नाहीं. दुकानांत मिळणारें क्लोरीननाशक औषध सांगितलेल्या मापानें घालावें.

पाणी भरून फिल्टर सुरू करावा, आणि तो रात्रंदिवस चालूं ठेवावा. कारण त्या जंतूंसही प्राणवायु लागतो. नंतर टाकींत मासे आहेत असें समजून रोज माशांच्या खाद्याची एक लहान चिमूट टाकावी. तें कुजून अमोनिया होईल, आणि तोच त्या जंतूंचा आहार. पहिल्या आठवड्यांत पाणी दुधाळ दिसलें तर घाबरूं नये. तें आपोआप निवळतें. ओळखीच्या घरीं जुनी निरोगी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरांतील स्पंजाचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरांत ठेवावा. दह्याला विरजण लावावें तसाच हा प्रकार आहे. त्यानें पुष्कळ दिवस वांचतात.

पाणी तपासण्याचीं औषधें बाजारांत मिळतात. चांचणींत घातलीं असतां पाण्याच्या रंगावरून प्रमाण कळतें. एक वही करून दर दोन दिवसांनीं आंकडे टिपून ठेवावे. प्रथम अमोनिया चढेल. मग तो उतरूं लागेल व नायट्राइट चढेल. शेवटीं तेंही उतरेल व नायट्रेट वाढेल. रोजचें खाद्य चालूं असतांही अमोनिया व नायट्राइट दोन्हीं सतत आठवडाभर शून्य राहिलीं, म्हणजे घर पाहुण्यांसाठीं सज्ज झालें असें समजावें. नंतर निम्में पाणी बदलावें.

पहिले पाहुणे काटक असावे. झेब्रा मासा ह्या कामीं उत्तम. तो आपल्याच देशांतला आहे; गंगेच्या खोऱ्यांतील माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन ह्यांनीं १८२२ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्याचें वर्णन आहे. लांबी चार-पांच सेंटिमीटर, अंगावर निळे पट्टे, वृत्ति समुदायप्रिय. म्हणून एकटादुकटा न आणतां सहा आणावे. ह्या टाकीस आरंभीं तेवढे पुरेत. दिवा मालवून पिशवी पंधरा-वीस मिनिटें पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णमान सारखें होतें. मग दर पांच मिनिटांनीं टाकींतील थोडेंथोडें पाणी पिशवींत घालावें. शेवटीं मासे जाळ्यानें उचलून टाकींत सोडावे, दुकानांतील पाणी ओतूं नये. पहिल्या दिवशीं अन्न घालूं नये. पुढें एक-दोन मिनिटांत संपेल इतकेंच घालावें. आणखी मासे हवे असल्यास दोन आठवडे थांबावें, आणि पाणी तपासूनच आणावे.

पुढील व्यवस्था सोपी आहे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. स्पंज नळाखालीं धुऊं नये. टाकींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावा, नाहींतर महिनाभर जमविलेले सेवक एका क्षणांत मरतील. आणि मासे नकोसे झाले तरी नदींत अथवा तळ्यांत सोडूं नयेत. शेवाळ खाण्यासाठीं आणलेल्या परदेशी कवचधारी मांगुरांनीं आपल्या देशांतील कित्येक पाणथळ जागीं असेंच ठाण मांडलें आहे, आणि त्याचा उपद्रव मूळच्या माशांस होतो.

पालकांस एकच विनंती. मुलानें टाकी मागितली तर अवश्य द्यावी. परंतु टाकी आज आणि मासे महिन्या-दीड महिन्यानें, हा करार आधीं करावा. रिकाम्या दिसणाऱ्या पाण्याकडे रोज पाहून आंकडे टिपणें मुलास प्रथम कंटाळवाणें वाटेल. पण नायट्राइटचा आंकडा ज्या दिवशीं स्वतःच्या डोळ्यांदेखत उतरूं लागेल, त्या दिवशीं न दिसणाऱ्या जीवांचें काम त्याला दिसूं लागेल. मासा मुका प्राणी आहे. पाणी विषारी आहे असें तो सांगूं शकत नाहीं, आणि टाकी सोडून जाऊंही शकत नाहीं. त्याला घरीं आणण्यापूर्वींच त्याच्या पाण्याची चौकशी करणें हें पाळणाऱ्याचें पहिलें कर्तव्य होय.