वरणाच्या कुकरखालची जमीन

डाळ तीच, कुकर तोच, शिजवणारे हातही तेच. तरी नदीच्या पाण्यात चटकन गळणारी तुरीची डाळ बोअरच्या पाण्यात शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही दाणा धरून राहते. "पाणी जड आहे," एवढं म्हणून घरोघरी हा विषय मिटतो. पण पाणी जड असतं म्हणजे काय, याचा माग काढत गेलं की आपण थेट चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या जमिनीखाली पोचतो.

वर्धा नदीच्या या पट्ट्यात जमिनीनं दोन खडक मोठ्या उदारपणे दिलेत: कोळसा आणि चुनखडी. कोळशामुळे इथं खाणी आल्या, चुनखडीमुळे गावाला लागून सिमेंटनगर वसलं. पावसाचं पाणी चुनखडीतून झिरपताना तिच्यातलं कॅल्शियम विरघळवून सोबत नेतं. तेच पाणी बोअरमधून वर येतं आणि आपण त्यात डाळ लावतो.

डाळीच्या दाण्यात असंख्य सूक्ष्म पेशी असतात आणि त्या एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थानं चिकटलेल्या असतात. डाळ शिजते तेव्हा उष्णतेनं हे पेक्टिन सुटतं, पेशी मोकळ्या होतात आणि रवी फिरवली की वरण एकजीव होतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते पेक्टिनच्या दोन साखळ्यांना पकडून घट्ट बांधून टाकतं. ज्या चुनखडीचं सिमेंट विटा सांधतं, तीच जणू डाळीच्या पेशीही सांधून ठेवते. पाणी आधी उकळून, गार करून, वरचं निवळ तेवढं डाळीला वापरलं तर बराच फरक पडतो. उकळताना भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तो डाळीच्या वाटेतून दूर झालेला चुनाच असतो. चिमूटभर सोड्यानंही डाळ शिजते, पण सोडा तिच्यातलं ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. म्हणून मला उकळलेलं पाणी बरं वाटतं.

आता अंबाडीच्या भाजीकडे बघा. आपल्याकडे अंबाडीचा पाला वेगळा उकडतात, तुरीची डाळ आणि तांदळाची कणी वेगळी शिजवतात, मग सगळं एका गंजात घोटून वरून लसणाची फोडणी देतात. एकाच कुकरमध्ये सगळं का लावत नाहीत? कारण आंबटपणात पेक्टिन सहज सुटत नाही. अंबाडी, चिंच किंवा टमाटर कच्च्या डाळीसोबत घातलं की डाळ अडून बसते. शिजलेल्या डाळीत घातलं तर काहीच बिघडत नाही. आपल्या आज्यांनी पेक्टिनचं नाव कधी ऐकलं नव्हतं, पण त्यांच्या कृतीचा क्रम रसायनशास्त्राच्या कसोटीवर तंतोतंत उतरतो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

कुकरचं काम मात्र सरळ आहे. उघड्या गंजात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं आणि तिथंच थांबतं. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं. १६७९ साली दनी पापँ या फ्रेंच संशोधकानं लंडनमध्ये अशाच भांड्यात हाडं मऊ करून दाखवली होती. एकदा पूर्ण दाब आला की आच कितीही मोठी ठेवली तरी आतलं तापमान वाढत नाही, नुसती वाफ बाहेर जाते. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करावा.

ज्या घरात गॅसऐवजी इंडक्शनची शेगडी आहे, तिथलं नवल आणखी खोल आहे. शेगडीतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज वेगानं दिशा बदलते, त्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि भांड्याच्या लोखंडी किंवा स्टीलच्या बुडातच वीज खेळू लागते. बूड स्वतःच तापतं. ही वीज आपल्याकडे बहुतांशी कोळशाची. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमताच २९२० मेगावॅट आहे. आणि वर्धा खोऱ्यातला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना. तेव्हा इथं ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडांची दलदलीतली जंगलं होती. पृथ्वीवर फूल नव्हतं, गवत नव्हतं, म्हणजे धानही नव्हतं. त्या झाडांनी पानांत साठवलेलं ऊन आज तांदूळ शिजवतं!

तांदळाचं वागणं डाळीच्या नेमकं उलट. डाळ कोठीत जुनी झाली की शिजायला हट्टी होते, तांदूळ जुना झाला की भात मोकळा होतो. सुमारे ६० ते ७५ अंशांदरम्यान तांदळातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. दाणा बारीक असेल तर पाणी आणि उष्णता गाभ्यापर्यंत लवकर पोचते. रात्रीचा उरलेला भात सकाळी कडक लागतो, कारण गार होताना स्टार्चच्या साखळ्या पुन्हा जवळ येतात. पाण्याचा हबका मारून फोडणी दिली की त्या सैल होतात. वर हिरवागार सांभार भुरभुरला की न्याहारी तयार.

आणि बारीक दाण्याचा एचएमटी नावाचा तांदूळ आपल्याच जिल्ह्यातला आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन थोडकी. १९८३ साली 'पटेल-३' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या खुडून वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत राहिले. त्यातून बारीक, चवदार, भरघोस पिकणारं वाण उभं राहिलं. त्या काळी गाजलेल्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं आणि ते राज्याबाहेरही पोचलं. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही. हजारो लोंब्यांमधली वेगळी लोंबी ओळखणारी नजर तेवढी होती. पुढं त्यांनी 'नांदेड चिन्नोर', 'डीआरके' अशी आणखी वाणं काढली. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले. त्यांच्या वाणावर कितीजणांनी पैसा केला, त्या मानानं त्यांच्या हाती फार थोडं लागलं, याची खंत आपल्याला असायलाच हवी.

किराणा दुकानात एचएमटी मागताना घरातली लेकरं सोबत असतील, तर हे नाव कुठून आलं ते त्यांना सांगा, आणि दादाजी खोब्रागडे हे नावही सांगा.