हृदय : पंप आणि ग्रंथीही!

हृदय हा शरीराचा पंप आहे, हे तुम्ही शिकलाच आहात. पण हा पंप एक संप्रेरकही तयार करतो, हे ठाऊक आहे का?

रक्तात मीठ व पाणी वाढले, की हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, म्हणजे कर्णिकांच्या, भिंती ताणल्या जातात. मग त्यांतून २८ अमिनो आम्लांची एक साखळी रक्तात मिसळते. तिचे नाव एएनपी. तिच्यामुळे मूत्रपिंडे जादा मीठ व पाणी बाहेर टाकतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. १९८१ मध्ये कॅनडात डी बोल्ड व सहकाऱ्यांनी कर्णिकांचा अर्क उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या मूत्रातून मीठ भराभर बाहेर पडू लागले. शोधाची सुरुवात ती.

या संप्रेरकाचा आराखडा पहिल्या गुणसूत्रावरील एका जनुकात असतो. काही लोकांत त्यातील एकच अक्षर वेगळे असते : 'ए'ऐवजी 'जी'. युरोपीय वंशाच्या हजारो लोकांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 'जी' असलेल्यांच्या रक्तात एएनपी अधिक व रक्तदाब कमी आढळला. कारण २०१३ मध्ये उलगडले. एक चिमुकला आरएनए 'ए'पाशी चिकटून संप्रेरकाची निर्मिती रोखतो. 'जी'वर त्याची पकड बसत नाही.

रक्तदाबात फरक किती? पाऱ्याच्या स्तंभाचा जेमतेम एक-दीड मिलिमीटर! रक्तदाबावर अशा शेकडो जनुकीय फरकांचा थोडाथोडा प्रभाव असतो. म्हणून 'आजोबांना होता, मलाही होणारच' असे समजू नका. जनुके निवडता येत नाहीत. पण दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पाळणे आपल्याच हाती आहे. आज ताटातल्या लोणच्या-पापडांकडे जरा त्या नजरेने पाहा!