तोंड उघडणारा वाघ

दारव्ह्याच्या बाजारात वाघाचा मुखवटा मिळतो. पण त्याचे तोंड बंद असते, आतले बोलणे बाहेर ऐकू येत नाही. आमच्या स्नेहसंमेलनात वाघाला बोलायचे होते. म्हणून आम्ही घरीच वाघ केला.

मित्रांनो, कानापुढे बोट ठेवून आ करा. तिथे हाड हलते. वरचा जबडा हलत नाही, खालचाच हलतो. वाघाचेही तसेच असते. त्याला ३० दात असतात. त्यातले ४ सुळे लय मोठे.

साहित्य : मडके, रद्दी, मैद्याची खळ, पुठ्ठा, नाडी, गुंड्या, सायकलची जुनी ट्यूब, हळद, गेरू, काजळी.

कृती : पालथ्या मडक्यावर कागदाचे सहा थर द्या. पहिला थर नुसत्या पाण्याचा, बाकीचे खळीचे. म्हणजे वाळल्यावर साचा सुटतो. डोळे आणि तोंड मोठे कापा.

पुठ्ठ्याचा जबडा घोड्याच्या नालासारखा कापा. त्याची टोके कानाजवळ गुंडी लावून सैल बांधा. पुढे बांधली तर तोंड थोडेच उघडते. जबड्याची नाडी आपल्या हनुवटीखालून घ्या. आपण आ केला की वाघही आ करतो. ट्यूबची पट्टी जबडा परत वर ओढते. ती जास्त ताणू नका, हनुवटी दुखते.

हळद आणि गेरूने रंगवा. काजळीचे पट्टे ओढा.

पहिलीच्या लेकरांना मुखवटा आधी हातात द्या, मग ती रडत नाहीत.

खरा वाघ आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, तिपेश्वरच्या जंगलात आहे. तो तिथे राहिला पाहिजे. नाहीतर वाघ फक्त पुठ्ठ्याचाच उरेल.

– इयत्ता ४ थी