लुटुपुटीची राष्ट्रसभा

चालकांनी हा विषय सुचविला तेव्हा आम्हांला हसू आले. कारखान्याच्या दारावर सभा घेणाऱ्यांचा शाळकरी मुलांच्या ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’शी संबंध काय? पण मागल्या वर्षी अशी एक परिषद आम्ही दोन दिवस शेवटच्या बाकावर बसून पाहिली, आणि तेथे आमच्याच धंद्यातली हत्यारे दिसली.

हा खेळ जुना आहे. अमेरिकेतील विद्यार्थी १९२० नंतरच्या दशकात राष्ट्रसंघाची नक्कल करीत होते. हॉलंडातील हेग येथे १९६८ पासून हायस्कुलातील मुलांची अशी परिषद भरू लागली. प्रत्येकाच्या वाट्याला एक देश येतो. त्या देशाचे धोरण अभ्यासून टिपण करायचे, पाटी वर करून बोलण्याची पाळी मागायची, ‘मी’ म्हणायचे नाही. ठराव म्हणजे एकच लांबलचक वाक्य. आधी कारणे, मग कलमे, आणि पूर्णविराम शेवटी एकदाच! सुरक्षा समितीची नक्कल असेल तर पंधरांपैकी नऊ मते हवीत. पण पाच कायम सभासदांपैकी एकाने जरी विरोधी मत दिले, तरी चौदांचा होकार फुकट जातो. हा अन्याय पुस्तकात वाचून कळत नाही. हरल्यावर कळतो.

खरे काम मात्र अध्यक्ष सभा थांबवितात तेव्हा होते. मुले खुर्च्या सोडून घोळके करतात, एकेका शब्दावर घासाघीस करतात. आमच्या वाटाघाटीतही गाठी सुटतात त्या चहाच्या वेळीच.

आमच्या एका सभासदाची मुलगी तेथे होती. विषय स्थलांतरित मजुरांचा, आणि तिच्याकडे आला आखातातला देश. तिचा सख्खा मामा तिकडेच गवंडीकाम करतो. ती म्हणाली, “काका, मी मालकाच्या बाजूनं बोलू?” आम्ही म्हटले, “बोल पोरी. समोरचा कुठं नमतो ते त्याच्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही.” ती बोलली, उत्तम बोलली. घरी जाऊन रडली, असे तिच्या बापाने सांगितले.

दुसऱ्या दिवशी तिने विचारले, “यात मजुराचं मत कुठंय?” प्रश्न बिनतोड होता. आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी असतात : दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा, आणि प्रत्येकाचे मत स्वतंत्र. १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला हिंदी कामगारांच्या वतीने आपले ना. म. जोशी गेले होते. पण त्यांना नेमले होते सरकारने! आपला माणूस आपण सुचवावा, हेही १९२० साली मुंबईत आयटक स्थापन होण्याचे एक कारण होते. मुलांच्या त्या सभेत एका देशाला एकच मत होते. संयोजकांना आम्ही हे सांगितले. त्यांनी वहीत लिहून घेतले.

दुसरी तक्रार फीची. त्या दोन दिवसांची फी आमच्या सभासदाच्या आठवड्याच्या मजुरीहून अधिक होती, आणि सारा कारभार इंग्रजीत. म्हणून यंदा युनियनच्या कचेरीत आम्ही रविवारी मराठीतून सराव घेतो. पालिकेच्या शाळेतली चार मुले तयार झाली आहेत. त्यांच्या फीसाठी वर्गणीचा डबा बाहेर, चपला काढल्या आहेत तेथेच ठेवला आहे.