मान वर न करणारी बाई

हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात १६३१ सालचं एक चित्र आहे, जेमतेम वीतभर रुंद. दिव्याच्या उजेडात बाई शिवतेय. फरची टोपी घातलेला पुरुष तिच्या खांद्यावर हात ठेवून, दुसऱ्या तळहातावरची नाणी पुढे करतोय. ती मान वर करत नाही. माझी आई शिलाईकाम करायची. ती वाकलेली मान मला चांगली ओळखीची आहे. त्या काळच्या डच चित्रांत असल्या प्रसंगातली बाई बहुतेकदा हसून साथ देते. चित्रकार युडिथ लेस्टरने हिला टाका घालत राहू दिलं. म्हणून मला हे चित्र फार मोठं वाटतं.

लेस्टर १६३३ मध्ये हार्लेमच्या चित्रकार-संघाची सदस्य झाली. तिचा एक शिष्य परस्पर चित्रकार फ्रान्स हाल्सकडे गेला, तेव्हा तिने संघाकडे तक्रार करून भरपाई मागितली. लग्नानंतरची तिची चित्रं मात्र फार थोडी सापडतात, आणि मृत्यूनंतर तर नावच पुसलं गेलं. १८९३ मध्ये हाल्सचं म्हणून विकलेल्या एका चित्रावर तिची सही, आद्याक्षरं आणि चांदणी, एका अभ्यासकाने ओळखली. आज ते चित्र लूव्रमध्ये तिच्याच नावाने आहे.