बोक्याच्या नजरेतून मेइजी काळातले घर

जपानी लेखक नात्सुमे सोसेकी यांची ‘मी एक मांजर आहे’ ही कादंबरी १९०५-०६ मध्ये ‘होतोतोगिसु’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि तिचा निवेदक कुशामी नावाच्या शिक्षकाच्या घरातील एक बिननावाचा बोका आहे. मेइजी काळातील, म्हणजे पाश्चात्त्य विद्येने जपान झपाट्याने बदलत असतानाच्या, सुशिक्षितांच्या गप्पा तो ऐकतो. वाचायला बसलेला मालक पुस्तकावरच झोपी जातो, हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. नववर्षाच्या ‘झोनी’त, म्हणजे तांदळाच्या चिकट ‘मोची’ वड्या घातलेल्या रश्श्यात, त्याचे दात रुततात आणि तो मागच्या पायांवर नाचू लागतो, हा प्रसंग तर अव्वल दर्जाचा मानावा लागेल, कारण घरच्यांना हसवणारी ती धडपड वाचकाला थेट बोक्याच्या जबड्यातून अनुभवावी लागते.